विश्वासू निळा

साहेब परिषदेहून परतले ते जगाला काहीतरी द्यायचं ठरवूनच. काय द्यायचं हे प्रवासात सुचलं नव्हतं. ते सोमवारच्या बैठकीत सुचलं. कंपनी लोकांना वेबसाइट बनवून देत असे, आणि दर वेबसाइटसाठी तेच बटण, तोच मेन्यू, तोच तारखेचा चौकोन नव्याने बनवला जाई. शेजारशेजारच्या टेबलांवर दोघे जण एकाच दिवशी एकच बटण बनवत बसल्याचंही उदाहरण होतं, आणि दोघांचीही बटणं वेगवेगळ्या बाजूंनी बिघडलेली होती. तर साहेब म्हणाले, हे सगळे सुटे भाग एकदाच नीट बनवू, एका लायब्ररीत ठेवू आणि जगाला खुले करू. कोणीही घ्यावेत, कोणीही सुधारावेत. ओपन सोर्स. हे शब्द उच्चारताना त्यांनी दोन्ही हात असे पसरले की शेजारच्याला आपला कॉफीचा कप उचलून धरावा लागला.

जगाला देणं हे साहेबांचं काम झालं. मांडामांड आली चाळणीकडे.

चाळणी हे तिचं ऑफिसातलं नाव. तिच्या नजरेखालून गेलेल्या कोडमध्ये खडा राहत नसे म्हणून ते कौतुकाने पडलं, आणि खडा कोणाच्या पोत्यातून आला हेही ती सांगत असे म्हणून ते टिकलं. मूळची ती पदार्थविज्ञानाची. मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय तिथली, आणि मोजल्यावरही बेताचंच बोलायचं ही स्वतःची.

तिने लायब्ररीची घडी नीट बसवून दिली. कोणताही बदल बनवणाऱ्याखेरीज आणखी दोघांनी वाचून मान्य केल्याशिवाय आत जाणार नाही, असा नियम घातला. एक यंत्रणा बसवली, जी प्रत्येक भागाचा फोटो काढून जुन्या फोटोवर ठेवून पाही आणि तिळाएवढा जरी फरक दिसला तरी तेवढी जागा लाल करून दाखवी. शिवाय एक स्वयंचलित झाडूवाला नेमला: एखाद्या बदलावर दोन आठवडे कोणी अवाक्षर काढलं नाही, तर तो अत्यंत नम्र भाषेत तो बदल बंद करून टाके. साहेबांनी यात आपली भर घातली ती आचारसंहितेची. योगदान देणाऱ्यांनी एकमेकांशी कसं वागावं, मतभेद कसे मिटवावेत, तक्रार कोणाकडे न्यावी, याची ती चांगली लांबलचक होती. अजून बाहेरचा एकही माणूस फिरकला नव्हता, पण फिरकल्यावर त्यांची मारामारी होऊ नये याची चोख व्यवस्था झाली. रांगेसाठी दोऱ्या बांधून तयार होत्या, फक्त रांग यायची होती.

लायब्ररी आपल्या कॉम्प्युटरवर कशी उतरवून घ्यायची याचं मार्गदर्शक पानही तिनेच लिहिलं. त्याचं शीर्षक मात्र साहेबांचं: ‘पाच मिनिटांत सुरुवात करा’. ते कोणालाही जमलं पाहिजे असा साहेबांचा आग्रह होता, म्हणून चाळणीने ते घरी वहिनीला करायला दिलं. ती दादा-वहिनींकडेच राहत असे. वहिनी औषधांच्या दुकानात कामाला होती आणि गोळ्यांच्या खोक्यातला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी ती चाळणीच्या माहितीतली एकमेव व्यक्ती होती. जेवणाच्या टेबलावर बसून वहिनीने पहिल्या ओळीतला आदेश जसाच्या तसा टाइप केला. असा आदेश आपल्या ओळखीचा नाही, असं कॉम्प्युटरने कळवलं.

“वन्सं,” वहिनी म्हणाली. टोमणा मारायचा असला की ती वन्सं म्हणे. एरवी नुसतं अगं. “हा मला ओळखत नाही म्हणतोय. आधी कोणाची तरी चिठ्ठी आणायची असते का?”

आधी आणखी एक गोष्ट बसवावी लागते हे लिहायचं राहिलं होतं. चाळणीने ते लिहिलं. ती गोष्ट बसवायला तिसरी गोष्ट लागत होती. तेही लिहिलं. वहिनीने मधे उठून भात लावला, तो शिजला, सगळ्यांची जेवणं झाली, टेबल पुसून झालं, आणि मग एकदाचं लायब्ररीतलं निळं बटण तिच्या स्क्रीनवर उमटलं. तिने ते दाबलं. काही झालं नाही.

“यातून काय होतं?”

“काही नाही. ते बटण आहे.”

“छान आहे,” वहिनी म्हणाली, आणि भांडी आवरायला गेली.

मार्गदर्शक पान दुसऱ्या दिवशी चौपट लांब झालं. शीर्षक तसंच राहिलं, कारण ते साहेबांना आवडलं होतं.

पहिलं बाहेरचं योगदान काही आठवड्यांनी आलं. कोण्या अनोळखी माणसाने त्याच पानावरचा एक चुकीचा स्वल्पविराम काढला होता. ऑफिसात त्या दिवशी केक आला. स्वल्पविराम चौघांनी तपासून मान्य केला, आणि पुढच्या परिषदेत दाखवायच्या सादरीकरणात साहेबांनी एक नवीन पान घातलं: ‘जागतिक समुदाय’.

जगाने लायब्ररी खरोखरच घेतली आहे, हे चाळणीला कळलं ते ऑफिसात नव्हे. घरच्या जेवणाच्या टेबलावर.

दादाने उमेदीची सगळी वर्षं नकाशे काढण्यात घालवली होती. केसाएवढ्या रेघेने नदी दाखवायची आणि त्याहून बारीक रेघेने तिचा ओढा, असं ते काम. मग हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी त्या कंपाला एक भारदस्त नाव दिलं, औषधं दिली, आणि कंप होता तिथेच राहिला. दादा दोन वर्षं घरात बसला. त्या दोन वर्षांत तो कोणावर चिडला नाही, आणि वहिनीला सगळ्यांत जास्त धसका त्याचाच होता. पुढे एका हॉस्पिटलात त्याला काम मिळालं: रुग्णांचे जुने कागद वाचून त्यातली माहिती कॉम्प्युटरवर चढवायची. कीबोर्डवर त्याने प्लास्टिकची एक जाड पट्टी बसवून घेतली होती. तिला प्रत्येक कळीवर एक भोक होतं, त्यामुळे बोट थरथरत गेलं तरी हव्या त्या भोकातच उतरायचं. या पट्टीच्या जोरावर तो विभागात कोणाच्या मागे नव्हता. माउसला मात्र पट्टी बसवता येत नाही.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि सांगू लागला की हॉस्पिटलने दुसऱ्या कुठल्याशा कंपनीकडून माहिती भरायचं नवीन पान बनवून घेतलंय. दोन महिन्यांनी जुनं बंद, नवीन सुरू. घरी सराव करायला सगळ्यांना ते दिलं होतं, आणि नव्या पानावर ज्याचा वेग टिकेल त्याचंच काम पुढे चालू राहणार होतं. त्याने पान उघडलं. नाव भरलं, गाव भरलं. मग जन्मतारीख आली. रुग्ण होती नव्वदीची एक बाई. दादाने भोकांतून आकडे टाइप केले. चौकोनात काहीच उमटलं नाही. तारीख टाइप करायची सोयच नव्हती. चौकोनावर माउसने टिचकी मारायची, मग एक चिमुकलं कॅलेंडर उघडणार, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या बाणावर टिचक्या मारत एकेक महिना मागे जायचं. नव्वद वर्षं.

दादाच्या माउसचा बाण कॅलेंडरातल्या त्या बाणाभोवती दिव्याभोवतीच्या किड्यासारखा घिरट्या घालत राहिला. कशीबशी सात-आठ वर्षं मागे गेली, तेवढ्यात टिचकी बाहेर पडली, कॅलेंडर मिटलं आणि चौकोन पुन्हा आजच्या तारखेवर आला. त्याने पुन्हा केलं. तो पुन्हा आजच्या तारखेवर आला. मग त्याने माउस हलकेच बाजूला ठेवला.

“याने माझं काम जाणार,” तो म्हणाला. बाहेर ढग आलेत म्हणावं, त्या सुरात.

वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. चाळणी स्क्रीनकडे पाहत होती. त्या चौकोनाच्या कोपऱ्यांची गोलाई तिच्या ओळखीची होती. त्या गोलाईवर ऑफिसात तीन बैठका झाल्या होत्या. चौकोनाची आखणी डिझायनरची होती, टाइप केलं की लोक चुका करतात आणि शिवाय ते दिसायला बरं नाही, हे मतही त्याचंच. पण तो तपासून, फोटो तंतोतंत जुळतात असा शेरा मारून आत सोडला होता तिनेच. तपासताना तिच्या हातात माउस होता. हात स्थिर होता.

“हा आमचा आहे,” तिने सांगितलं.

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “चौकोन सुधारता येत असेल तर सुधार. पण ऑफिसात माझं नाव काढायचं नाही. माझी कीव येऊन केलेलं मला नको.”

बदल दहा-बारा ओळींचा होता. तारीख टाइप करता यावी, आणि कीबोर्डने चौकोनापाशी पोचलं की त्याभोवती एक गडद चौकट उमटावी, म्हणजे आपण कुठे आहोत ते नजरेला कळेल. चाळणीने तो सकाळीच लिहिला, कारण नमूद केलं आणि नियमाप्रमाणे सगळ्यांपुढे ठेवला. फोटो तपासणाऱ्या यंत्रणेने चौकटीची जागा लाल केली, कारण जुन्या फोटोत चौकट नव्हती. हा फरक हवा आहे की नको हे ठरवायचा अधिकार डिझायनरचा.

डिझायनरला ऑफिसात रंगारी म्हणत, आणि हे आपलं कौतुक आहे अशी त्याची समजूत होती. त्याने लिहिलं की काळी चौकट शोकसंदेशासारखी दिसते. दुसऱ्याने विचारलं, करडी केली तर? तिसऱ्याने करड्याच्या पाच छटा जोडल्या. चौथ्याला चौकट चालणार होती, पण कोडमध्ये तिला जे नाव दिलं होतं ते पटत नव्हतं. त्यावरून नावं कशी असावीत याची एक वेगळी, मूलभूत चर्चा सुरू झाली आणि ती वाचायला इतर विभागांतूनही माणसं आली. दहा-बारा ओळी होत्या. त्या सगळ्यांना समजत होत्या. ज्याला समजतं त्याला मत असतं, आणि ज्याला मत असतं त्याने ते मांडलं पाहिजे, असं आचारसंहितेतच लिहिलं होतं.

शेवटी साहेबांनी हात घातला. माउस सोडून कीबोर्डने तारीख भरणारे लोक नेमके किती, याचा आकडा आहे का, असं त्यांनी विचारलं. आकड्याशिवाय निर्णय घेणं त्यांना बरं वाटत नसे. स्वल्पविरामाच्या वेळी कोणी आकडा मागितला नव्हता, हे चाळणीच्या अगदी ओठांवर आलं. आणि खरा आकडा तिला ठाऊक होता. तो एक होता, रोज तिच्या समोर बसून जेवत होता, आणि त्याचं नाव काढायचं नव्हतं. ज्यांना भरताच येत नाही ते लोक भरणाऱ्यांच्या मोजणीत कसे सापडतील, एवढंच तिने लिहिलं. सगळे गप्प झाले. गप्प राहून दोन आठवडे झाले, आणि झाडूवाला आला. ‘आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल आभार,’ त्याने लिहिलं, ‘या बदलावर बरेच दिवस हालचाल नसल्याने तो बंद करत आहे.’ हे वाक्य चाळणीनेच त्याला शिकवलं होतं. त्यातला ‘मोलाच्या’ हा शब्द घालताना तिला आपण फार सौजन्याने वागतोय असं वाटलं होतं.

घरी दादा रोज जेवणाआधी सराव करी. वहिनीने एकदा विचारलं, “वन्सं, तुमच्या ऑफिसात तेवढा एक चौकोन उघडायला किती माणसं लागतात?” चाळणीने प्रामाणिकपणे सांगितलं, की उघडायला दोन पुरतात, बंद ठेवायला सगळे लागतात. वहिनी हसली नाही. महिना उरला होता.

आणि मग साहेबांना निळा रंग खटकला.

लायब्ररीतलं जे जे निळं होतं, बटणं, मेन्यू, कॅलेंडराचा मथळा, ते सगळं त्यांना अचानक थोडं उथळ वाटू लागलं. कुठल्या तरी मोठ्या कंपनीचा निळा त्यांनी पाहिला होता आणि तो त्यांना जास्त विश्वासू वाटला होता. रंगाऱ्याने आठवडाभर खपून तसा निळा शोधला. दोन्ही निळे शेजारी ठेवल्यावर सगळे म्हणाले, फरक जाणवतो. वेगवेगळे ठेवल्यावर कोणता नवा ते रंगाऱ्यालाही सांगता येईना. तरी बदल ठरला, तातडीचा ठरला, आणि तो करायचं काम अर्थात चाळणीकडे आलं.

काम अवघड नव्हतं, पसरट होतं. निळा शंभर ठिकाणी होता. चाळणीने शंभर ठिकाणी तो बदलला, आणि फोटो तपासणारी यंत्रणा चालवून पाहिली. लायब्ररीतला प्रत्येक फोटो लाल झाला. पानामागून पान, वरपासून खालपर्यंत, सगळंच लाल. एवढ्या लालात एका चौकटीचा लाल वेगळा दिसणार नव्हता.

‘एका बदलात शक्यतो एकच गोष्ट असावी’ असं मार्गदर्शक पानावर लिहिलेलं होतं. तिने जाऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. मूळ वाक्यात ‘शक्यतो’ नव्हतं. ते साहेबांनी मागाहून घातलं होतं, आणि त्या वेळी तिने त्याला विरोधही केला होता. आता विरोध मागे घ्यायला हरकत नव्हती.

तिने आपल्या दहा-बारा ओळी निळ्यासोबत ठेवल्या. पण लपवल्या नाहीत. लपवणं तिला जमलं नसतं. बदलाच्या वर्णनात अगदी पहिलीच ओळ तिने अशी लिहिली: ‘या बदलाने तारीख कीबोर्डने टाइप करता येईल आणि चौकोनाभोवती गडद चौकट दिसेल; कोणाची हरकत असल्यास कृपया इथे नोंदवावी.’ निळ्याचा उल्लेख दुसऱ्या ओळीत होता. मग तिने तो सगळ्यांपुढे ठेवला आणि पाणी प्यायला गेली.

पाणी पिऊन परत येईपर्यंत पहिली मान्यता आली होती. ‘जबरदस्त काम,’ कोणीतरी लिहिलं होतं. एवढे बदल वाचायला अर्धा दिवस तरी लागला असता. तिला पाणी प्यायला लागलेला वेळ तिने मनातल्या मनात त्यातून वजा करून पाहिला आणि तो नाद सोडून दिला. रंगाऱ्यापुढे लाल फोटोंचा डोंगर आला. एकेक उघडून बघायची सोय होती, आणि सगळ्यांत वर ‘सर्व मान्य’ असं एक बटणही होतं. तेही निळंच. ते त्याने दाबलं आणि त्याखाली पसंतीचा अंगठा टाकून लिहिलं, ‘निळा काय खुललाय!’

लायब्ररीची नवी आवृत्ती त्याच आठवड्यात बाहेर पडली. हॉस्पिटलचं पान बनवणारी कंपनी लायब्ररीची ताजी आवृत्ती न बघताच आपोआप उचलत असे. ही पद्धत किती धोक्याची आहे यावर चाळणीची ठाम मतं होती. ती तिने त्या महिन्यापुरती बाजूला ठेवली.

घरी ती काही बोलली नाही. दादाने नेहमीसारखं पान उघडलं, नाव भरलं, गाव भरलं आणि सवयीने माउसकडे हात नेला. हात वाटेतच थांबला. तारखेच्या चौकोनाभोवती चौकट उमटली होती. त्याने हात मागे घेतला आणि भोकांतून एकेक आकडा दाबला. नव्वद वर्षांपूर्वीची तारीख ओळीने उभी राहिली. तो पुढच्या चौकोनाकडे वळला, मग त्याच्या पुढच्या. वहिनी त्याच्या खुर्चीमागे उभी होती. तिच्या हातातल्या डावाचं आमटीत बुडायचं राहूनच गेलं होतं.

“अगं,” ती चाळणीला म्हणाली, आणि डाव घेऊन आमटीकडे वळली.

हॉस्पिटलात नवीन पान सुरू झालं. महिनाअखेरीस ज्यांचं काम चालू राहिलं त्यांत दादा होता, वरून तिसरा.

ऑफिसात मात्र चौकट उशिरा उघडकीस आली. साहेब पुढच्या परिषदेची तालीम घेत होते, भिंतभर पडद्यावर. पडद्यापाशी उभं राहून माउस सापडेना, म्हणून त्यांनी कीबोर्डची कळ दाबली आणि तारखेच्या चौकोनाभोवती हातभर लांब-रुंद गडद चौकट उमटली. रंगारी खुर्चीतून अर्धा उठला. हे कोणी आत येऊ दिलं, त्याने विचारलं. नोंद तिथल्या तिथे पडद्यावर उघडण्यात आली. पहिली ओळ सगळ्यांनी वाचली. कोणाची हरकत असल्यास. मग नजरा खाली गेल्या, मान्यता देणाऱ्यांच्या नावांवर, आणि अंगठ्यावर, आणि खुललेल्या निळ्यावर. भिंतभर पडद्यावर तो अंगठा बराच मोठा दिसत होता.

साहेबांनी घसा साफ केला. हे काढून टाकता येईल का, त्यांनी चाळणीला विचारलं.

“येईल की,” चाळणी म्हणाली. “बदल पाठवायचा. दोघांनी मान्य करायचा. नियम तोच आहे.”

रंगाऱ्याने दुपारी बदल पाठवला. चौकट काढायची एवढाच, चार ओळींचा. तो सगळ्यांनी वाचला. एकाने विचारलं, काढण्याऐवजी करडी केली तर? दुसऱ्याने मागच्या वेळच्या पाच छटा शोधून आणल्या. नावांची मूलभूत चर्चा जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली. एवढं झाल्यावर चाळणीने एकच प्रश्न लिहिला, तोही साहेबांच्याच शब्दांत: चौकटीचा त्रास होणारे लोक नेमके किती, याचा आकडा आहे का? यावर सगळे गप्प झाले. मग आपल्या वेळेवर झाडूवाला आला आणि त्याने रंगाऱ्याच्या मोलाच्या योगदानाबद्दल आभार मानले.

त्या रात्री जेवताना तिने हे सगळं दादा-वहिनींना पहिल्यांदाच सांगितलं. वहिनीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. दादा शांतपणे ऐकत होता. मग उठून त्याने कॉम्प्युटर सुरू केला, तारखेच्या चौकोनापाशी गेला आणि नाक जवळजवळ स्क्रीनला लावून चौकटीकडे पाहिलं. पूर्वी तो नकाशावरची नदी तशीच तपासत असे.

“रेघ चांगली आहे,” तो म्हणाला. “पण खालच्या उजव्या कोपऱ्यात जुळत नाही. केसभर उघडी राहिलीय. बघ.”

चाळणीने पाहिलं. खरंच उघडी होती. तिच्या नजरेतून ती निसटली होती.

“एवढंसं तर आहे,” दादा म्हणाला. “करून टाक की.”

“एवढंसंच आहे ना,” चाळणी म्हणाली आणि भाताचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. “म्हणूनच व्हायचं नाही. साहेबांना पुन्हा रंग खटकेपर्यंत थांबावं लागेल.”